जुन्या गाडीत सिंथेटिक ऑइल घातलं आणि गळती सुरू झाली: आता काय करायचं?

ऑइल बदलून आठवडा होत नाही तोच गाडीखाली काळा डाग दिसतो. आधी कधी नव्हता. बदल एकच झालेला असतो, मिनरलच्या जागी सिंथेटिक. साहजिकच सगळा राग त्या डब्यावर निघतो आणि "जुन्या इंजिनाला सिंथेटिक मानवत नाही" हे कुणीतरी ऐकवतंच. ते साफ खोटं नाही. पण तेवढ्यावर विसंबून ऑइल पुन्हा बदललं, तर बऱ्याचदा पैसे जातात आणि डाग तिथेच राहतो.

हे मी स्वतः करून बसलोय. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत पहिल्यांदा सिंथेटिक घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्टरच्या बरोबर खाली तळहाताएवढा डाग. चार दिवस मी सिंथेटिकचे तोटे वाचत बसलो. शेवटी फिल्टर खोलला, तर इंजिनाच्या तोंडाला जुन्या फिल्टरची रबरी रिंग तशीच चिकटलेली आणि नव्या फिल्टरची रिंग तिच्यावर दाबून बसलेली. जुनी नखाने सोलून काढली, फिल्टर परत चढवला, गळती बंद. ऑइल तेच होतं. तेव्हापासून कुणी गळतीचं गाऱ्हाणं घेऊन आलं, की मी आधी "केव्हा सुरू झाली?" हे विचारतो, कुठलं ऑइल घातलं, ते नंतर.

केव्हा सुरू झाली, यावरून बरंच कळतं

ऑइल बदलल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत गळती दिसली, तर संशय कामावर घ्या: फिल्टर, चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा) नट, त्याचा वॉशर, सांडलेलं ऑइल. सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीची रबरी कडी, एका रात्रीत सहसा हार मानत नाही.

पाचशे ते दोन-तीन हजार किलोमीटर झाल्यावर हळूहळू ओल दिसायला लागली, तर मात्र सील, पॅकिंग आणि आतला गाळ यांच्याकडे बघायचं. गाडी जोरात, लांब पळवल्यावरच गळत असेल आणि गावात फिरताना नाही, तर क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, दाब साठतोय का, हे तपासायचं. आणि रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी चार थेंब, दिवसभर काही नाही, असं असेल तर नवं ऑइल थंडपणी जास्त पातळ असल्याचा परिणाम असू शकतो. त्याबद्दल आता बोलू.

सिंथेटिकचा दोष नेमका किती

या समजुतीला इतिहास आहे. १९७० च्या दशकात गाड्यांसाठी सिंथेटिक ऑइलं बाजारात आली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच ऑइलांचा मुख्य घटक होता पीएओ, म्हणजे पॉलीअल्फाओलेफिन. त्या काळच्या मिनरल ऑइलमध्ये असे काही घटक असत, की ते रबरात थोडे मुरत आणि सील किंचित फुगवत. त्या फुगलेल्या अवस्थेतच सील वर्षानुवर्षं घट्ट बसलेलं असे. पीएओ रबराला फुगवत नाही, उलट थोडं आकसवतं. फुगवणारं गेलं, आकसवणारं आलं, की जुन्या सीलच्या कडेला फट पडणारच. यावरचा उपायही फार उशिरा सापडला नाही: ऑइलमध्ये एस्टर मिसळायचे. ते रबर फुगवतात आणि हिशोब बरोबर होतो. आज एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या एसएन किंवा एसपी दर्जाचं ऑइल ठराविक रबरांवर चाचणी देऊनच बाजारात येतं. शिवाय डब्यावर 'सिंथेटिक' लिहिलेलं बरंचसं ऑइल पीएओ नसतंच. ते कच्च्या तेलावरच जास्त प्रक्रिया करून बनवलेलं, तिसऱ्या गटाचं बेस ऑइल (ज्यात बाकीचे घटक मिसळतात ते मूळ तेल) असतं. त्याला सिंथेटिक म्हणावं की नाही, यावर अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांचा वाद झाला आणि १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात-तक्रार मंडळाने 'म्हणता येईल' असा निवाडा दिला.

तर आजचं ऑइल धड सीलला सहसा बिघडवत नाही. जे सील आधीच गेलंय, त्याचं पितळ मात्र ते दोन प्रकारे उघडं पाडतं.

पहिला प्रकार सफाईचा. वीस-पंचवीस वर्षांच्या इंजिनात, विशेषतः ऑइल वेळेवर न बदललेल्या, काळा चिकट गाळ साठतो. कडक झालेल्या सीलच्या फटीत तो डिंकासारखा बसतो आणि गळती रोखून धरतो. नव्या ऑइलातले डिटर्जंट तो हळूहळू विरघळवतात. फट जुनीच, बूच तेवढं निघालं.

दुसरा प्रकार ग्रेडचा, आणि माझ्या मते खरा गोंधळ इथेच होतो. लोक मिनरलवरून सिंथेटिकवर जाताना ग्रेडही बदलतात आणि दोन्हींचं खापर 'सिंथेटिक' या एका शब्दावर फोडतात. ग्रेडमधला 'डब्ल्यू'आधीचा आकडा थंडपणीच्या दाटतेचा, शेवटचा गरम असतानाच्या. २०डब्ल्यू-५० काढून ५डब्ल्यू-३० घातलं, तर काय होतं बघा. एसएई जे३०० या मानकाप्रमाणे १०० अंश सेल्सिअसला ५० ग्रेडची दाटता १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्स असते आणि ३० ग्रेडची ९.३ ते १२.५. गरम इंजिनात ऑइल जवळपास निम्म्याने पातळ झालं. हाच बदल मिनरल ऑइलमध्ये केला असता, तरी ते गळलंच असतं. उलट १५डब्ल्यू-४० मिनरल काढून ५डब्ल्यू-४० सिंथेटिक घातलं, तर गरम असताना दोन्ही एकाच पट्ट्यात, म्हणजे १२.५ ते १६.३ च्या मध्ये असतात. फरक पडतो तो थंडपणी. इंजिन रात्रभर गार होतं, मिनरल घट्ट होऊन बसतं, सिंथेटिक वाहतं राहतं. सकाळचे ते चार थेंब इथून येतात.

पायरी पहिली: पातळी बघा, मग बाकीचं

सपाट जागी गाडी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक काढून पुसा, परत घालून बघा. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर भर घातल्याशिवाय गाडी चालू करू नका. वरच्या खुणेच्या बरंच वर असेल, तर तोही दोष आहे. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, त्या ऑइलात आपटून फेस करतो. जास्तीचं काढून टाका.

ऑइलचा लाल दिवा लागायची वाट बघू नका. तो पातळी सांगत नाही, दाब सांगतो, आणि दाब अगदी तळाला गेल्यावरच लागतो. तो चालत्या गाडीत लागला तर बाजूला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. बॉनेटखालून जळकट वास किंवा धूर येत असेल, तर ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडतंय. त्यातून आग लागू शकते, तेव्हा गाडी उभीच ठेवा.

गाडीखाली जायचं असेल तर जॅकवर भरवसा ठेवू नका. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी स्टँड.

पायरी दुसरी: इंजिन ऑइलच आहे ना?

पांढरा पुठ्ठा रात्रभर गाडीखाली ठेवा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनने आखा. सकाळी थेंब कुठे पडला तेही कळतं आणि रंगही. इंजिन ऑइल सोनेरी-तपकिरी किंवा काळं. लालसर असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. हिरवं, गुलाबी, पाण्यासारखं असेल तर कूलंट. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. निव्वळ पाणी असेल आणि एसी चालू होता, तर घरी जाऊन झोपा.

पायरी तिसरी: नुकतंच जिथे हात लागला त्या जागा

फिल्टर पहिला. त्याच्या रिंगेभोवती बोट फिरवा. ओलं लागलं तर फिल्टर खोलून दोन रिंगा नाहीत ना, हे डोळ्यांनी बघा. बसण्याची जागा पुसून कोरडी करा, नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावा, हाताने फिरवा आणि रिंग टेकल्यावर पाऊण ते एक फेरा आवळा. पान्याची गरज काढताना पडते, बसवताना नाही.

मग चेंबरचा नट. त्याखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदाच दाबला जाण्यासाठी असतो, प्रत्येक वेळी नवा घालायचा. जुनाच वापरला असेल तर नट कितीही आवळा, थेंब येत राहतो. आणि "कितीही आवळा" हीच धोक्याची गोष्ट. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जायला एक जोरकस झटका पुरतो. किती आवळायचं, तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

ऑइल भरायचं झाकण आणि त्याची रिंग, डिपस्टिक पूर्ण आत बसली आहे ना, हेही बघून घ्या. एक अगदी साधी शक्यताही उरते: फिल्टर काढताना सांडलेलं ऑइल. ते खालच्या पत्र्यात, क्रॉसमेंबरच्या खोबणीत साचतं आणि आठवडाभर ठिबकत राहतं. डिपस्टिकवर पातळी हलत नसेल आणि खाली डाग पडत असेल, तर हेच असण्याची शक्यता जास्त.

पायरी चौथी: धुऊन काढा, तेव्हाच दिसेल

वरच्या जागा कोरड्या निघाल्या, तर आता खरं शोधकाम. मळकट इंजिनात गळती शोधणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे फेकलं जातं. त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथे दोष सहसा नसतो. दोष असतो ओल्या भागाच्या सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात पुढच्या टोकाला.

इंजिन गार असताना डीग्रीझर मारा, ब्रशने घासा, दहा-पंधरा मिनिटांनी पुसा किंवा हलक्या पाण्याने धुवा. अल्टरनेटर, कॉइल, सेन्सरची कनेक्शनं आणि एअर फिल्टरचं तोंड पिशवीने झाका. प्रेशरची नळी इथे नकोच. पूर्ण वाळलं की संशयाच्या जागांवर पायाला लावायची पावडर किंवा टाल्कम फुंकरून बसवा. पांढऱ्या थरावर ऑइलची पहिली रेघ लगेच दिसते. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा, इंजिन पुरतं गरम होऊ द्या, बंद करा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. मोबाइलने फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी तिथलाच फोटो काढला की ओल कुठून कुठे सरकली ते कळतं.

यातूनही सापडत नसेल, तर ऑइलात मिसळायचा यूव्ही डाय मिळतो. तो घालून एक-दोन दिवस गाडी वापरायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायची. गळतीची वाट पिवळसर-हिरवी चमकते. हात जात नाही अशा मागच्या बाजूच्या गळतीसाठी याच्याइतकं चांगलं काही नाही.

पायरी पाचवी: पीसीव्ही, ज्याच्याकडे कुणी बघत नाही

पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये झिरपतो. पेट्रोल इंजिनात तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून ओढून परत जाळला जातो. जुन्या गाडीत हा व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाइप चिकटून बंद पडतो. मग आतला दाब वाढतो आणि जिथे वाट मिळेल तिथून ऑइलला बाहेर ढकलतो. सील नवं घातलं तरी काही महिन्यांत ते परत गळतं, आणि लोक सीलच्या कंपनीला शिव्या देतात.

तपासणी सोपी आहे. इंजिन गरम करून आयडलला ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि भोकावर पातळ कागद ठेवा. कागद हलका ओढला जाऊन चिकटला, तर ठीक. फडफडून वर उडत असेल तर आत दाब आहे. काही इंजिनांत झाकण काढल्यावर ऑइल उडतं, तेव्हा तोंड लांब ठेवा. मग व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा. बऱ्याच गाड्यांत आतला तुकडा खुळखुळतो; आवाजच नसेल तर तो अडकलाय. पाइप दाबून बघा. आतून गाळाने भरलेला, मऊ पडून चपटा झालेला किंवा तडकलेला असला तर बदला. हे काम मोठं सील बदलण्याच्या मानाने काहीच नाही, म्हणून ते आधी करायचं.

पीसीव्ही नवा घातला तरी कागद उडतोच आहे, तर रिंगा झिजल्या आहेत. कम्प्रेशन किंवा लीक-डाउन चाचणी (सिलिंडर दाब धरतो का, ते सांगणारी) करून घ्या. तिथे ऑइलचा ब्रँड बदलून काही होणार नाही.

जागा सापडली. आता?

सगळ्यात जास्त वेळा सापडतं टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग. कॉर्कचं असेल तर सुकून भुगा होतं, रबराचं असेल तर प्लास्टिकसारखं कडक पडतं. मोह होतो बोल्ट आवळण्याचा. पाव फेरा आवळून बघायला हरकत नाही, पण कडक पॅकिंग दाबल्याने परत मऊ होत नाही, आणि पत्र्याचं कव्हर वाकलं तर नवं पॅकिंगही बसणार नाही. पॅकिंग बदला, दोन्ही पृष्ठं खरवडून साफ करा आणि बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने थोडे थोडे आवळत जा. सिलिकॉन सीलंट पुस्तकात सांगितलेल्या कोपऱ्यांवरच, तेही बारीक. जास्तीचं सिलिकॉन आत सुटतं आणि चेंबरमधल्या जाळीत जाऊन अडकतं. या कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून गळलेलं ऑइल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत थेट बेल हाऊसिंगपर्यंत (इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथवर) जातं आणि हुबेहूब मागच्या क्रँक सीलच्या गळतीसारखं दिसतं. गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी ही खात्री करून घ्या.

ऑइल प्रेशरचा स्विच ही दुसरी दुर्लक्षित जागा. त्याच्या वायरची टोपी ओढून काढा. आत ऑइल दिसलं तर स्विच आतून फुटलाय, नवा घाला. काम पाच-दहा मिनिटांचं.

टायमिंग बेल्टच्या इंजिनांत पुढचं क्रँक सील आणि कॅमचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, सील त्या बेल्टच्या कव्हरमागे असतात. तिथून गळत असेल तर चालढकल नको. ऑइलमध्ये भिजलेला रबरी बेल्ट फुगतो, तुटतो, आणि बऱ्याच इंजिनांत मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. सील बदलताना क्रँकवर नखाला लागेल अशी खाच पडली आहे का, ते बघायला सांगा. असेल तर नवं सील जरा आत-बाहेर सरकवून, म्हणजे ओठ न झिजलेल्या जागी टेकेल असं बसवतात, किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवतात. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) सील असेल तर ते कोरडंच बसवायचं असतं. त्याला सवयीने ऑइल चोपडलं की ते गळतं.

मागचं क्रँक सील शेवटी. त्याला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

ऑइलचं काय करायचं

आधी पुस्तकातला ग्रेड बघा. त्यात ४० किंवा ५० ला परवानगी असेल आणि तुम्ही ३० घातलं असेल, तर पुढच्या वेळी सिंथेटिकच ठेवून शेवटचा आकडा वाढवा. पुस्तकाबाहेर जाऊन दाट ऑइल घालू नका. थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ घेतं.

सील कडक झालंय पण फाटलेलं नाही, अशा हलक्या पाझरासाठी 'हाय मायलेज' ऑइल चांगलं. सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास आणि पुढे चाललेल्या इंजिनांसाठी ते असतं, त्यात रबर मऊ करणारे, थोडं फुगवणारे घटक जास्त असतात. फरक दिसायला वेळ लागतो, हजार-दोन हजार किलोमीटर धीर धरा.

मिनरलवर परत गेलात तरी इंजिनाचं काही बिघडत नाही. दोन्ही ऑइलं एकमेकांत मिसळतात, निम्मं-निम्मं झालं तरी चालतं. पण निघून गेलेला गाळ परत येऊन बसणार नाही, तेव्हा गळती थांबेलच असं धरून चालू नका.

बाटलीतलं 'स्टॉप लीक' हाय मायलेज ऑइलचंच रबर फुगवण्याचं काम जास्त जोरात करतं. विकायच्या गाडीत घालून विकणारे असतात, तो विषय वेगळा. स्वतःच्या गाडीत मी ते मागच्या सीलपुरतं, तात्पुरतं म्हणून समजू शकतो. ब्रेक ऑइल घालायचा सल्ला मिळाला तर कानावरून जाऊ द्या. रबर फुगतं खरं, पण ग्लायकॉलचं ते ऑइल इंजिनाच्या ऑइलात धड मिसळत नाही आणि बेअरिंगची वाट लावतं. गाळ भरलेल्या इंजिनाला जोरकस फ्लशही, म्हणजे आतला गाळ धुऊन काढणारं रसायनही, नको. सुटलेला गाळ जाळीत अडकला की ऑइलचा दाबच जातो. त्यापेक्षा सिंथेटिक घातल्यावर पहिला बदल लवकर, दोन-तीन हजार किलोमीटरला करा, फिल्टरसकट.

गाडी फारच जुनी, कॅम थेट टॅपेटवर घासणाऱ्या रचनेची असेल, तर गळतीखेरीज एक गोष्ट लक्षात असू द्या: आजच्या एसपी दर्जाच्या ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ऑइलांत फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्के आहे. अशा कॅमला झिंक-फॉस्फरस जास्त असलेलं ऑइल लागतं.

किती गळती सोसायची

पॅकिंगभोवती नुसती ओल, थेंब पडत नाही, तर पुसा आणि लक्ष ठेवा. जुनं इंजिन थोडा घाम गाळतंच. थेंब पडत असेल तर हिशोब करा. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दर दहा सेकंदाला एक थेंब म्हणजे चोवीस तासांत ८,६४० थेंब, जवळपास ४३० मिलिलिटर. दोन-अडीच दिवसांत डिपस्टिक वरच्या खुणेवरून खालच्यावर. दिसायला किरकोळ वाटणारी ठिबक इतकी महाग पडते.

म्हणून एक वही गाडीत ठेवा. दर पाचशे किलोमीटरला पातळी, भर घातली असेल तर किती, एवढंच लिहायचं. खाली डाग नाही पण पातळी उतरतेय आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळसर धूर येतो, तर ती गळती नाही. व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल जळतंय, आणि त्याचा शोध वेगळ्या दिशेने घ्यायचा.

टायमिंग बेल्ट, एक्झॉस्ट आणि क्लच यांच्यावर पडणारं ऑइल मात्र थेंब मोजत बसायचं नाही, लगेच बघायचं. क्लच घसरायला लागला, चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे जात नाही, असं झालं तर मागचं सील आणि क्लच प्लेट एकदमच उरकतं. मागून नुसता पाझर असेल आणि क्लच अजून धड असेल, तर मी थांबतो. क्लच प्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा गिअरबॉक्स उतरणारच आहे, तेव्हाच सील बदलून घ्यायचं. तोवर गाडीखाली पुठ्ठा, आणि डिकीत त्याच ग्रेडचं एक लिटर ऑइल.